बिनआवाजाचं चित्रण

विमानतळाचा सुरक्षा अधिकारी हिल्के पोस्टमा याला चेहरा ओळखणाऱ्या त्या यंत्राचा फार अभिमान. पिवळ्या रेषेवर उभं राहायचं, समोर बघायचं, की तीन सेकंदांत फाटक उघडलंच. नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा विमानतळावर हे यंत्र आणि दालनातले सोळा नवे कॅमेरे त्याच्याच देखरेखीखाली बसले होते. दालनात येणारा प्रत्येक चेहरा ते ओळखत आणि जपून ठेवत.

मे महिन्यात यंत्र येल्ट्ये दाइक्स्त्रापाशी अडलं. येल्ट्ये एकाहत्तर वर्षांची, जन्मापासून ठार बहिरी; सगळी नोकरी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली. ओस्लोच्या एका मेळाव्याला निघाली होती. मागे उभ्या असलेल्या बाउक्ये या मैत्रिणीशी तिचं हातांनी बोलणं चाललं होतं आणि लाल दिवा काही जाईना.

"बाई, चेहरा हलवू नका!" पहारेकऱ्यानं खुणेनं बजावलं.

येल्ट्येनं त्याच्याकडे रोखून पाहिलं, पासपोर्ट काढून हिल्केसमोर धरला आणि कागदावर लिहिलं, 'यंत्र नको. तुम्ही बघा.' नियमात तशी सोय होती. हिल्केनं बघून तिला सोडलं आणि तो विसरूनही गेला.

तीन आठवड्यांनी ती त्याच्या कचेरीत हजर! हातात सव्वादोनशे सह्यांचा अर्ज, आणि दुभाषी म्हणून सोबत मुलगी रिक्स्ट.

"यंत्र काढा, कॅमेरेही काढा," येल्ट्येचे हात चालले तशी रिक्स्ट बोलू लागली. "चेहरा हलवू नको म्हणणं म्हणजे मला गप्प बस म्हणणं."

"तुमचा गैरसमज होतोय, बाई," हिल्के समजुतीच्या सुरात म्हणाला. "कॅमेऱ्यांना आवाजच नाही. तुमचं बोलणं ऐकणार कोण?"

हे कळल्यावर येल्ट्ये इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "आवाज नाही म्हणतोय, शहाणा! त्याला म्हणावं, आमचं त्या दिवसाचं चित्रण लाव." रिक्स्टनं लाजत, पण एक शब्द न गाळता, ते सांगितलं.

हिल्केनं चित्रण लावलं. खांबाजवळ दोन म्हाताऱ्या हातवारे करत होत्या. त्याला तरी एवढंच दिसलं. येल्ट्ये पडद्यावरचं वाचत गेली, रिक्स्ट बोलत गेली.

"'डॉक्टर म्हणतात, पोटात गाठ आहे. पुढच्या महिन्यात कापणार.' 'रिक्स्टला सांगितलंस?' 'नाही गं. आत्ताच कशाला घाबरवू पोरीला...'"

रिक्स्टनं पडद्यावरून नजर काढून आईकडे पाहिलं. येल्ट्येनं तिच्या पाठीवर हात ठेवला, मग पुन्हा उचलला. "हिला मी पंधरा दिवसांनी सांगितलं. तुमच्या कॅमेऱ्याला आधी कळलं होतं."



"आता थांबवा. इथेच. माझी भुवई बघा. ती खाली असती तर हे 'मी मरेन' झालं असतं. वर आहे, म्हणून 'मी मरेन का?' झालं."

हिल्केनं तेवढाच तुकडा पुन्हा लावला. चौथ्या खेपेला त्याला ते दिसलं. पाव सेकंदात एक बारीक पांढरी भुवई वर गेली होती आणि तेवढ्यात आख्खं वाक्य फिरलं होतं.  इतकी वर्षं माणसांचे चेहरे बघून त्याला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

"तुम्ही परवानगी दिलीत," तो हळूच म्हणाला, "तर हे मी विमानतळाच्या समितीला दाखवीन."

सप्टेंबरात त्यानं दाखवलंही. बरोबर येल्ट्ये होती, शस्त्रक्रियेनंतर काठी टेकत आलेली. समितीनं दालनातले सोळाही कॅमेरे उतरवायला लावले. यंत्र राहिलं, पण शेजारी माणसाची खिडकी आली आणि हवं ते निवडा अशी मोठी पाटीही लागली.

"अर्धंच काम झालं," येल्ट्येनं कळवलं. "तरी शनिवारी आमच्या बहिऱ्यांच्या मंडळात या. केक आहे."

हिल्के गेला. घंटेचं बटण दाबताच आतले दिवे लुकलुकले आणि दार उघडलं. आत चाळीसएक माणसं होती. या टोकाची बाई सगळ्यांच्या डोक्यांवरून त्या टोकाच्या माणसाची थट्टा करत होती, मधे दोघं कडाडून भांडत होते, खिडकीशी एक म्हातारा काही सांगत होता आणि सहाजण पोट धरून हसत होते. कपाळं, गाल, ओठ, डोळे, सगळं एकदम बोलत होतं. एवढा गजबजाट त्यानं कुठल्या बाजारातही पाहिला नव्हता.

बघावं की नजर वळवावी, त्याला कळेना. येल्ट्येनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.