धुक्यात ओ कुणी दिली?

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. बाईमाणसाला आणि होडीला वय विचारू नये. माझा सांगाडा उंडीच्या लाकडाचा, फळ्या फणसाच्या. देवबागच्या वाळूत गुरुदास सुताराने मला घडवलं, फटींत कापूस ठासला, अंगाला माशाचं तेल चोळलं. नारळ फोडून मला पाण्यात ढकललं तेव्हा वाडीतल्या बाया म्हणाल्या, "होडी कसली गो, नवरीच ती!" हे कौतुक मी अजून विसरलेले नाही.

माझा मालक दत्ताराम. माझ्या शिडाच्या जोरावर त्याने घर चालवलं, मुलं वाढवली. मग किनाऱ्यावर फायबरच्या, इंजिनाच्या होड्या आल्या. वारा असो वा नसो, त्या भुर्रकन निघायच्या. दत्तारामाच्या मुलानेही तसलीच एक घेतली आणि मला माडाखाली पालथी घातली. माझ्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. समुद्राची गाज कानावर यावी आणि अंगावर मात्र झावळ्या पडाव्यात, याचं मला फार दुःख व्हायचं.

माझे दिवस पालटले ते दत्तारामाच्या नातवामुळे, यतीनमुळे. पर्यटकांना पाण्यावर फिरवून तो कंटाळला होता. त्याने लग्न केलं वैभववाडीकडच्या किशोरीशी. डोंगराखालच्या भातशेतीवाल्या घरातली मुलगी. समुद्र तिने शाळेच्या सहलीत पाहिला तेवढाच. दोघांनी ठरवलं, पाऊस सरला की पुढचा पाऊस येईपर्यंत होडीवरच संसार करायचा, विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत वाऱ्यावर हिंडायचं. लोक म्हणाले, खुळी आहेत. मला खुळी माणसंच आवडतात. शहाण्यांनी तर मला पालथी घातली होती!

यतीनने सडक्या फळ्या बदलल्या, माझ्या पाठीवर झोपण्यापुरती खोली बांधली, वर सोलरचं पॅनल बसवलं. किशोरीने मिरचीचं रोप आणलं आणि पाटा-वरवंटाही आणला.

"होडयेत पाटो?" यतीन हसला.

"मिक्सरातला वाटप माका नको," ती म्हणाली. विषय संपला.

निघायच्या दिवशी दत्तारामाने देवाला गाऱ्हाणं घातलं, समुद्राला नारळ दिला आणि नातसुनेला जवळ बोलावलं. "बाये, पाण्यावर कोणी हाक मारल्यान तर लगेच ओ देव नको. तिसऱ्या हाकेकच बोल. माणूस तीनदा हाक मारता. तां दोनदाच मारता."

"तां म्हणजे कोण, आजोबा?"

म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. किशोरी म्हणाली, "आमच्याकडे उलटा आसा. रानात पयल्याच हाकेक ओ देतत. नायतर माणूस चुकता."

"रान येगळा, दर्यो येगळो," दत्ताराम म्हणाला. तिने मान डोलावली.

हिवाळा मजेत गेला. किशोरीला आधी उलट्या झाल्या, मग ती शीड ओढायला शिकली. भांडण झालं की एक जण पुढे नाळेवर बसायचा, दुसरा मागे सुकाणूपाशी. पण माझी लांबी ती केवढी! भांडणं टिकत नसत.

मग माघातली ती सकाळ आली. आम्ही निवतीजवळ नांगर टाकला होता. किनाऱ्याच्या खडकांपाशी यतीनने संध्याकाळी जाळं लावलं होतं, ते बघायला तो वल्ह्याची छोटी डोणी घेऊन गेला. "पेज शिजासर इलंय बघ," म्हणाला.

पेज शिजली आणि धुकं उतरलं. इतकं दाट, की मला माझी नाळ दिसेना. यतीनचा फोन इथेच चार्जिंगला लावलेला होता. ओहोटी लागली होती. नांगर टाकलेला असूनही मी ताणली जात होते. मग त्या टीचभर डोणीचं काय? धुक्यात मला चुकवून तो पुढे गेला असता, तर ओहोटीने त्याला उघड्या समुद्रात ओढून नेलं असतं.

"किशोरीऽ!" किनाऱ्याच्या बाजूने हाक आली.

किशोरी ताडकन उठली. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. माझी डोलकाठी तिने दोन्ही हातांनी धरली.

"किशोरीऽ! खंय आसस?"

ती तिसऱ्या हाकेसाठी थांबली. म्हाताऱ्यावर मी तेव्हा मनातून चिडले होते, पण होडीला कोण विचारतं?

तिसरी हाक आलीच नाही. कारण कुणीतरी ओ दिली.

"ओऽ! हंय आसंय!"

मित्रांनो, तो आवाज किशोरीचा होता. तोच थोडा बसका सूर, तेच हेल. पण तो आला उघड्या समुद्राकडून, आणि किशोरी तर ओठ मिटून माझ्यापाशी उभी होती. मी घाबरले, खोटं कशाला सांगू? पाण्यावर आयुष्य गेलं माझं, असं कधी ऐकलं नव्हतं.

वल्ह्यांचा आवाज जवळ आला, माझ्या बाजूने पुढे सरकला आणि समुद्राच्या दिशेने जाऊ लागला.

किशोरी जिवाच्या आकांताने ओरडली, "यतीन! थंय जाव नको! मी हंय!"

"थंय जाव नको! मी हंय!" समुद्राकडून लगेच आलं.

वल्ही थांबली. कोणती खरी, त्या बिचाऱ्याला कसं कळावं? आणि थांबलेल्या डोणीला ओहोटी ओढतच होती. किशोरीने इकडेतिकडे पाहिलं, वरवंटा उचलला आणि माझ्या कुशीवर हाणायला सुरुवात केली. धाड, धाड, धाड! माझ्या फळ्या कळवळल्या, पण मी जमेल तेवढ्या मोठ्याने वाजले. पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. माणसाच्या गळ्याची नक्कल करता येते, फणसाच्या फळीची नाही.

वल्ही वळली. डोणी येऊन माझ्यावर आदळली. किशोरीने यतीनला सदऱ्याला धरून वर ओढलं.

"पयली ओ तूच दिलंस मां?" तो धापा टाकत म्हणाला.

"मी गप होतंय रे," ती रडायला लागली. "गप ऱवलंय, थंयच चुकलंय."

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. अगदी मायेने.

"यतीन."

दोघं धुक्याकडे वळली.

"यतीन."

आणि थोड्या वेळाने, आणखी जवळून, "यतीन."

तिन्ही हाका पुऱ्या झाल्या. लहानपणापासूनच्या सवयीने यतीनचं तोंड उघडलं. किशोरीने त्यावर हात दाबला आणि धुकं विरेपर्यंत काढला नाही. नंतर पाहिलं तर समुद्र मोकळा होता. एक पक्षीसुद्धा नव्हता.

आम्ही अजून हिंडतो. माझ्या कुशीवर वरवंट्याचे खड्डे आहेत; यतीन ते बुजवू म्हणतो, किशोरी बुजवू देत नाही.

मित्रांनो, जुन्या होड्यांना जपा, त्यांना वेळेवर तेल द्या, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी एवढं ऐका. आपल्या माणसाने हाक मारली की पहिल्याच हाकेला ओ द्या. तुम्ही गप्प राहिलात, तर दुसरं कुणीतरी ओ देतं.