टिलरींच्या घराचे पांढरे खांब

आमच्या अलाबामाच्या तांबड्या मातीच्या मुलखात पाहुण्यादेखत आपल्या माणसाला खोटे पाडणे हे चर्च चुकवण्याहून मोठे पाप मानतात. या सदाचारापायी व्हर्डेल टिलरी यांचे घर जवळजवळ गेलेच होते.

घर दोन खोल्यांचे. मधोमध आरपार मोकळा बोळ आणि साऱ्यावर मिळून एकच पत्र्याचे छप्पर. व्हर्डेलबाईंच्या पणजोबांनी ते स्वहस्ते उभारले होते. रुंद होऊ घातलेला महामार्ग नेमका त्यावरून जाणार असल्याने अंगणात खुंट्या ठोकल्या गेल्या होत्या. हे घर वास्तुरचनेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे असा निर्वाळा वारसा समितीने दिला, तरच रस्ता वळणार होता.

समितीच्या विदुषी डॉक्टर व्हिटलो पाहणीस येणार हे कळताच बाईंच्या भाच्याने, लमारने, शहरातून चार पांढरे पोकळ खांब आणून ओसरीपुढे उभे केले. महत्त्वाचे घर म्हणजे मळेवाल्या धनिकाचे पांढऱ्या खांबांचे घर, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती. बोळाची लाज वाटून त्याने त्यावर पडदाही सोडला.

"बघ मावशी! गव्हर्नर राहतोय असं वाटतंय की नाही?"

"वाटतंय खरं. आता धुणं वाळत घालायला त्यालाच बोलवते."

विदुषी आल्या. चर्चचा धर्मोपदेशक या नात्याने मीही ओसरीवर रताळ्याची पाई खात बसलो होतो. त्यांनी खांबांकडे बराच वेळ पाहिले.

"हे मूळचेच का हो?"

"मावशीच्या पणजोबांनी बसवलेत, मॅडम," लमार म्हणाला, आणि स्वतःच्याच धिटाईने दचकला.

"अस्सं! फारच... उल्लेखनीय." विदुषींनी पेन खिशात ठेवले. असल्या स्तुतीचा अर्थ आमच्याकडे तान्ह्या मुलालाही कळतो. "खांबांची घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत. मी मधल्या मोकळ्या बोळाचं एखादं साधं घर शोधत होते. असो. पाई मात्र अप्रतिम!"

व्हर्डेलबाईंपुढे एकीकडे घर होते आणि दुसरीकडे भाच्याची अब्रू. त्यांनी आधी विदुषींच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला.

"लमार, राजा, पणजोबांचे ते खांब जरा परसात नेऊन ठेव बघू. मॅडमच्या फोटोला उजेड अडतोय."

लमारने एकेक खांब काखोटीला मारून नेला. ते प्राचीन स्थापत्य वाऱ्यावर डुलत मार्गस्थ होत असता विदुषी परम सौजन्याने छपराकडे पाहत राहिल्या. मग "उकडतंय बाई," असे म्हणून व्हर्डेलबाईंनी पडदा सारला. बोळातून थंड झुळूक आली, आणि विदुषींनी काटा ताटलीत ठेवून पुन्हा पेन बाहेर काढले.

यथाकाळ निर्वाळा आला. मध्यभाग मोकळा सोडण्यात रचनाकाराने दाखवलेला संयम हाच या वास्तूचा आत्मा, असे त्यात म्हटले होते. त्या आठवड्यात अंगणातल्या खुंट्या उपटल्या गेल्या. रविवारी ओसरीवर ते वाक्य मी प्रवचनाच्या सुरात मोठ्याने वाचले.

व्हर्डेलबाई शेंगा सोलत होत्या. "संयम कसला, पास्टर? मधे तिसरी खोली व्हायची होती, पणजोबांच्या सासूसाठी. फळ्या संपल्या."

"मग पुढं फळ्या मिळाल्याच नाहीत?"

"मिळाल्या की! पुढच्याच वर्षी मिळाल्या. पण पणजीनं विषय काढला की म्हणायचे, 'इथनं वारा किती छान येतो!' " त्यांनी टरफले झटकली. "मरेपर्यंत म्हणत होते. त्याला संयम म्हणायचं, तर म्हणा बापडे."