शिंपीणबाईंचा श्वास

"मावशी, आता अजिबात बोलायचं नाही हं," नाकातोंडावर मुखवटा घट्ट बसवत तपासणी करणाऱ्या मुलीनं बजावलं.

"लग्न झाल्यापासून तिला हे जमलेलं नाही," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून नवरा म्हणाला. शिंपीणबाईंनी मुखवट्यावरून नुसते डोळे वटारले.

उभा जन्म त्यांनी मशीनवर वाकून लोकांचे कपडे शिवण्यात घालवला होता. गेल्या वर्षी कापडाचा तागा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कळलं, की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढलाय आणि रक्त पुढे ढकलताना हृदयाच्या नाकी नऊ येताहेत. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी काहीही विचारलं, की बाईंचं उत्तर ठरलेलं, "बरंय." जिना चढून धापा टाकत आल्या तरी "बरंय." कारण गोळ्यांनी भागलं नाही, तर छातीत नळी बसवून पंपानं रात्रंदिवस औषध द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. कमरेला पंप लटकवून कापड कसं बेतायचं, या विचारानं बाईंची झोप उडाली होती.

यंत्रापुढे मात्र थाप चालणार नव्हती.

"शर्यत नाहीये, मावशी. घरातल्यासारखं सावकाश चढा, उतरा."

समोर एक बुटकीशी पायरी होती. बाई चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. बाजूच्या पडद्यावर त्यांच्या एकेका श्वासाची रेघ उमटत होती. आधी भीतीनंच छाती धडधडली. मग पाय आपोआप लयीत पडू लागले, आणि आता कुठे जमतंय असं वाटेपर्यंत मुलगी म्हणाली, "झालं, थांबा."

डॉक्टरांनी आत येऊन पडदा त्यांच्याकडे वळवला. "हापशाचं पाणी भरलंय ना कधी? मागच्या तपासणीत तुम्ही हापसून हापसून दमला होतात आणि बादली अर्धीच. आज थोडक्या श्वासांत भरतेय."

"म्हणजे नळी नको?"

"सध्या नको. आजार गेलेला नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत. पण औषध लागू पडतंय. तुमच्या 'बरंय'वर माझा कधीच विश्वास नव्हता, म्हणून तर ही पायरी."

बाई लाजून हसल्या. नवऱ्यानं उगाचच चष्मा काढून पुसला.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात तो नेहमीसारखा मध्येच थांबला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. वर्षभर हे असंच चाललं होतं. नाडी कधी सुटलेलीच नसायची. बायकोला दम खाता यावा आणि 'थांबा' म्हणायची वेळ तिच्यावर येऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप. बाईंना त्याचा हा डाव पहिल्याच दिवशी उमगला होता, पण त्या कधी बोलल्या नव्हत्या.

आज त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा हो. घट्ट आहे ती."

तो ओशाळून उभा राहिला. तोवर बाई चालूसुद्धा लागल्या होत्या, आणि त्यांना गाठायला त्याला पावलं जरा भरभर टाकावी लागली.