यजमानांचं अमृत

"आली! आई आली!"

टेकडीच्या पायथ्याशी एकच गलका उठला. खडकाच्या फटीतून आधी थेंब टपकले, मग बोटभर धार लागली. पाणी कोमट, किंचित फेसाळ, आणि वर मंद सुवास! बाटल्या, डबे, किटल्या पुढे सरसावल्या. जो तो दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन भक्ती करत होता.

शेजारच्या उंचवट्यावर झरेबाबा डोळे मिटून बसले होते. डोळे मिटलेले असले तरी दानपेटीकडे कोण वळतं आणि कोण नुसताच निघून जातो, हे त्यांना बरोबर दिसत असे.

"गार दगडातून ऊन पाणी!" बाबा गरजले. "कुठल्या शास्त्रात बसतं, सांगा! आणि हा फेस नव्हे रे, आईचा पान्हा आहे! प्या आणि गोळ्या फेका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशा एका पोटात श्रद्धा आणि गोळी राहत नाहीत. खोटं वाटतं? मग विचारा वरच्या तंबूतळाच्या यजमानांना!"

टोपी सावरत एक गृहस्थ उठले. "आठवडा झाला, रक्तदाबाची एकही गोळी घेतली नाही," ते लाजत म्हणाले. "कसं हलकं हलकं वाटतंय."

टाळ्या पडल्या. गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. ते गृहस्थ म्हणजे त्यांचे पती. गेल्या वर्षी गोळ्यांची अशीच चालढकल केली आणि भर स्वयंपाकघरात कोसळले होते. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर मी हमी देणार नाही.

बाई निवृत्त भूगोल शिक्षिका. सहलीला येणाऱ्यांसाठीच्या तळ्याकाठच्या या तंबूतळावर हंगामापुरत्या स्वयंसेवक यजमान म्हणून आल्या होत्या. आलेल्यांना जागा दाखवायची, स्नानगृह झाडून-पुसून ठेवायचं, आणि उरलेल्या वेळात आसपासचे डोंगर पालथे घालून पायवाटांवर पांढऱ्या खुणा करायच्या. पगार नाही, पण तंबू फुकट आणि डोंगर सगळा आपला! त्यांच्या तंबूबाहेर पाटी होती, 'यजमान'. आता आपल्या भाषेची गंमत अशी, की बाईचा नवरा हाही तिचा यजमानच. त्यामुळे पाटी वाचून येणारा जो तो बाईंना ओलांडून खुर्चीतल्या गृहस्थांकडे जाई. ते सगळं ऐकून घेत, "बघतो हं" म्हणत, आणि विसरत. निवृत्त माणसाला खुर्ची, टोपी आणि 'यजमानसाहेब' एवढं मिळालं, की आणखी काय लागतं?

परतताना चढावर गृहस्थांनी दोनदा झाड धरलं.

"अहो, चक्कर येतेय ना? गोळी घ्या आधी!"

"चक्कर नाही गं, शक्ती संचारतेय."

"शक्ती! डोळ्यांपुढे काजवे चमकतात त्याला शक्ती म्हणतात होय?"

"तुला देवदूत आला तरी त्यात खोट दिसेल," असं म्हणत त्यांनी बाटली पुढे केली. "वास तरी घे."

बाईंनी वास घेतला. लिंबू! मग त्यांनी स्वतःचा हात हुंगला. तिथेही तेच लिंबू. स्नानगृहातल्या साबणाच्या बाटल्या सकाळीच त्यांनी भरल्या होत्या. त्यांना हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही आलं. पण नुसतं सांगून हा माणूस ऐकणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी खुणांच्या रंगाचा डबा घेऊन त्या स्नानगृहामागच्या उताराने खाली निघाल्या. सगळीकडे गवत वाळलेलं आणि मध्येच एक हिरवागार पट्टा. त्याच्या मागोमाग गेल्या, तर सांडपाण्याची नळी सांध्यात फुटलेली आणि पाणी खडकाच्या भेगेत चाललेलं. भेगेत कोणीतरी नवी नळी खुपसून वर शेवाळ नीटनेटकं लावून ठेवलं होतं. न्याहारीनंतर 'आई झोपते' म्हणून बाबा धार थांबल्याचं सांगत. तेव्हा तर बाई स्नानगृहाला कडी लावून फरशी पुसत असत!

"म्हणजे रोज आईला झोपवते ती मी," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

पुढच्या सकाळी त्यांनी स्नानगृह उघडलंच नाही. मोऱ्यांत फरशी पुसायचं निळं औषध सढळ हाताने ओतलं, आणि खांद्यावर पंचे टाकून उभ्या असलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "खालून माझी शिट्टी वाजली की कडी काढून आत शिरा. आज पाणी काटकसरीने नको!"

खाली बाबा हाका मारून थकले. फट कोरडी ठणठणीत.

"गर्दीत कोणीतरी पापी आहे!"

"आहे खरं," म्हणत गर्दीत येऊन उभ्या राहिलेल्या बाईंनी शिट्टी फुंकली.

थोड्या वेळाने धार आली. निळीशार! वर निळा फेस. पुढे केलेल्या बाटल्या झटकन मागे गेल्या.

"माफ करा, आईला आज उशिरा उठवलं," बाई म्हणाल्या. "हे आमच्या स्नानगृहाचं सांडपाणी. सौरबंबामुळे कोमट, साबणामुळे फेस. वर चला, नळी दाखवते."

"काहीतरीच! यजमान काय म्हणतात?" कोणीतरी ओरडलं.

"यजमान मी आहे. हे माझे यजमान. आणि अहो, रोज सकाळी तुम्ही ज्या पाण्याने अंघोळ करता, तेच खाली येऊन पिता!"

गृहस्थांचा चेहरा धारेपेक्षा निळा पडला.

एक आजी पुढे आली. तिने बाबांचा हात धरला. "माझ्या नातीला पाजलं रे मी. जुलाब थांबेनात, तर तू म्हणालास, विकार बाहेर पडतायत!"

"तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," बाई म्हणाल्या. "आमची गाडी घ्या."

गर्दी बाबांकडे वळली तशी त्यांची वाणी एकदम घसरली. "मला काय धरता? मी इथे तंबूत राहिलो होतो तेव्हाच सांगितलं होतं, नळी फुटलीय म्हणून! या यजमानांनाच! 'बघतो हं' म्हणाले. महिना झाला तरी कोणी बघेना, मग म्हटलं, आपणच बघावं!"

"अरे! तो तुम्ही?" गृहस्थ पुटपुटले. "तेव्हा दाढी नव्हती..."

हसावं की मारावं, लोकांना कळेना. बाईंनी हात वर केला. "मारू नका, पोलिसांना बोलवा. आणि एक ऐका. हे ओळखायला मला भूगोल लागला नाही, नाक पुरलं. ते तुम्हा सगळ्यांना आहे. पाणी कुठून येतं, एवढं विचारलं म्हणून कुठला देव रागावत नाही. रागावतो तो धंदा. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणाच्याही सांगण्यावरून फेकू नका."

वर येऊन गृहस्थ खुर्चीत न बसता जमिनीवरच बसले. मग म्हणाले, "तू ओरडत का नाहीस?"

"तुम्ही पडला असतात तर कोणावर ओरडले असते मी?" बाईंचे डोळे भरून आले.

"गोळी दे गं. आणि ती पाटी... तिच्यावर 'यजमान'च्या पुढे 'बाई' असं लिहू या. नळीवाल्याला मीच बोलावतो, आत्ता."

बाईंनी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. गृहस्थांनी पेला आधी नाकाशी नेला, नीट हुंगला, आणि मग गोळी गिळली.