माझा न उगवलेला शनिवार

मी कॅलेंडर बोलतोय. रोज एक पान फाडायचं असतं ना, त्या जातीचं. माझ्या जातीला आयुष्य एका वर्षाचं. मी मात्र तीस वर्षं याच खिळ्याला लटकतोय आणि माझ्या अंगावर अजून एक पान शिल्लक आहे. ते कसं, तेच सांगतो.

माझा जन्म तारावाच्या छापखान्यात झाला. तारावा ही आमच्या बेटांच्या देशाची राजधानी, इथून समुद्रावरून हजारो मैल पश्चिमेला. आमच्या बोटींना कसलीच घाई नसते. पूर्वेच्या या बेटावर, पंचायतीच्या कचेरीत मी पोचलो तेव्हा मार्च उजाडला होता. आरोइता इथली कारकून. तिने मला खिळ्याला अडकवलं आणि दोन महिन्यांची पानं एका हिसक्यात फाडली. त्यांत तंबाखू गुंडाळून सरपंच काबुरोरोने आठवडाभर विड्या ओढल्या. माणसं वेळ वाया घालवतात हे ऐकून होतो, पण जाळतात हे इथे येऊन पाहिलं.

त्या काळी तारीख बदलणारी रेघ आमच्या देशाच्या मधोमध जायची. तारावात सोमवार असला की आमच्याकडे रविवार, म्हणजे सगळे चर्चमध्ये. आमच्याकडे शुक्रवार असला की तिथे शनिवार, म्हणजे कचेरीला कुलूप. एकाच देशाचं सरकार आठवड्यातून चारच दिवस एकमेकांशी बोलायचं! रेडिओवर 'तारावा, तारावा' ओरडून आरोइताचा घसा बसायचा आणि मग ती माझ्याकडे डोळे वटारून बघायची. यात माझा काय दोष? मला जसं छापलं तसा मी वागत होतो.

आमच्याकडे बुबुसी नावाची एक रीत आहे. नात्यातल्या माणसाने 'बुबुसी' म्हणून काही मागितलं, की नाही म्हणायची सोय नाही. म्हटलं तर बेटभर शोभा होते. काबुरोरो हा आरोइताच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. नोव्हेंबरात तो थेट कचेरीत आला. आरोइताचा नवरा माइओ तिला जेवण द्यायला आला होता आणि दारात पाचसहा माणसं उभी होती. काबुरोरोने नेमकी वेळ साधली.

"माइओ, बुबुसी. तुझी होडी हवी."

माइओच्या हातातला डबा तसाच राहिला. घरात दुसरी होडी नव्हती.

"कधीपर्यंत, भावोजी?" आरोइताने विचारलं.

"एकतीस डिसेंबर, शनिवार. सूर्य बुडायच्या आत होडी तुमच्या दारात. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

आरोइताने माझं शेवटचं पान उघडून त्यावर पेन्सिलीने गोल केला आणि लिहिलं, 'होडी'. मला जरा गुदगुल्या झाल्या. पण पुढचे दिवस वाईट गेले. माइओ खडकावर बसून गळ टाकायचा आणि बोटभर मासे घेऊन घरी यायचा. मुलं रोज नुसता नीरफणस खात होती. आरोइता दर सकाळी माझं पान फाडताना उरलेली मोजायची. तिचा जीव माझ्या पानांत अडकला होता, आणि मला तिची खरंच दया यायची.

डिसेंबरात रेडिओवर निरोप आला. सरकारने रेघ सरकवली, आता सगळ्या देशाची तारीख एकच. त्यासाठी पूर्वेच्या बेटांवर वर्षाचा शेवटचा शुक्रवार संपला की थेट रविवार, एक जानेवारी.

"सुटले बाई!" म्हणत आरोइताने टाळी वाजवली. बाकावर विडी ओढत बसलेला काबुरोरो मात्र उठला. त्याने हळूच माझं शेवटचं पान उचलून पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसला. मला सगळं कळलं, पण कॅलेंडरचं कोण ऐकतो!

शुक्रवारी रात्री गाव झोपलं आणि रविवारी उठलं. चर्चनंतर सगळे मनेआबात, म्हणजे गावाच्या सभामंडपात, आपापल्या घराण्याच्या जागी बसले. आरोइता मला काखोटीला मारून आली.

"भावोजी, होडी?"

"शनिवारी देतो म्हणालो होतो," काबुरोरो गोड आवाजात म्हणाला. "शनिवार आलाय कुठे? येईल त्या दिवशी होडी हजर!"

माणसं खो खो हसली. सर्वांत वडीलधारे तेतोआ आजोबा यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"पान तर शाबूत आहे," ते पुटपुटले. "सरपंच शब्दाला धरून आहे, पोरी."

माइओने मान खाली घातली. आरोइता आपल्या चटईवर जाऊन बसली. थोडा वेळ तिने पदराशी... नव्हे, इथे पदर नसतो, चटईच्या काडीशी चाळा केला. मग ती उठली.

"बरं, भावोजी. बुबुसी. लेकीच्या लग्नासाठी पोसलाय तो डुक्कर मला द्या."

काबुरोरो सावरून बसला. "आणि परत कधीपर्यंत?"

"एकतीस डिसेंबर," आरोइता म्हणाली. "त्याच शनिवारी. सूर्य बुडायच्या आत."

असा हशा उसळला की छपराची पानं हलली. तेवढ्यात पलीकडून एक म्हातारी उठली. "माझीपण बुबुसी रे, काबुरोरो. तुझी सायकल दे. त्याच शनिवारी परत देते!" या बेटावर कोण कुणाच्या नात्यातलं नाही? तिच्या मागे चौघं उठायच्या बेतात होते. शेवटी तेतोआ आजोबाच घसा खाकरून म्हणाले, "मला काही फार नको. तुझ्या घरावरचे पत्रे."

"अहो थांबा, थांबा!" काबुरोरो उभा राहिला. "माइओ, चल बाबा, होडी उचलू लाग!"

त्या संध्याकाळी माइओ खाडीतून भरल्या होडीने परतला. पहिला मोठा मासा त्याने काबुरोरोच्याच घरी पाठवला. नातं ते नातं.

पुढे मार्चात नवं कॅलेंडर आलं, पण आरोइताने मला खाली उतरवलं नाही. पाठीच्या पुठ्ठ्याला आता वाळवी लागली आहे. तरी कुणी काही मागून नेताना 'शनिवारी आणून देतो' म्हणालं, की म्हातारी आरोइता माझ्याकडे बोट करून विचारते, "कुठल्या?"

मला छापलं तीनशे पासष्ट दिवसांसाठी. तीनशे चौसष्ट मी दिले, एक अजून जपून ठेवलाय. ते पान तेवढं कुणी फाडू नका. आणि चुकूनमाकून तो शनिवार कधी उगवलाच, तर त्याला सांगा, बाबा रे, तुझी वाट कुणी पाहत नाही. होडी केव्हाच परत आली.