आधी हात ओले कर

मी एक बादली बोलतेय. निळी, प्लास्टिकची, दहा लिटरची. पोटावर पांढऱ्या रंगात सातचा आकडा आहे. सध्या मी गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली आहे. मला पुरताना कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

तोंड तेवढं वर आहे. त्यातून आभाळाचा एक गोल तुकडा दिसतो आणि त्याच्या कडेला एका गोदामाची पांढरी भिंत. त्या भिंतीच्या जागी पूर्वी पाणी होतं. ते कसं गेलं हे मला माहीत आहे. ज्यांना ठाऊक असायला हवं ते गप्प आहेत, म्हणून मी बोलते.

कार्ल्सरूहेच्या एका बाऊमार्क्टमध्ये, म्हणजे खिळ्यापासून दारापर्यंत सगळं मिळतं त्या दुकानात, माझ्यासारख्या चाळीस जणी एकमेकींत घुसून उभ्या होत्या. तिथून मला जयंतरावांनी ओढून काढलं. पुण्याचा माणूस, सॉफ्टवेअरमधला, इथे येऊन तीनच वर्षं झालेली. तळघर पुसायला म्हणून त्यांनी मला घेतलं आणि महिन्याभरात माझ्या तळाला चार भोकं पाडली.

"अहो, नवीकोरी बादली! हिने आता पुसायचं कसं?" कुंदाताई ओरडल्या.

"पुसायला दुसरी आणू. ही बेडकांना दिली."

"जर्मनीत येऊन बेडकं पाळणार आहात?"

"पाळत नाही गं. रस्ता ओलांडून देतो."

गंमत वाटेल, पण इथे ही रीत आहे. हिवाळा सरताना, हवा जराशी ऊबदार आणि दमट झाली की रानातले मातकट, खडबडीत अंगाचे बेडूक निघतात. ज्या तळ्यात जन्मले त्याच तळ्यात अंडी घालायला. मध्ये डांबरी रस्ता असतो. शेकड्यांनी चिरडले जातात. म्हणून लोक रस्त्याच्या कडेने गुडघाभर उंचीचं प्लास्टिकचं कुंपण लावतात आणि कुंपणाला लागून बादल्या पुरतात, प्रत्येकीवर आकडा, काठ जमिनीबरोबर. बेडूक कुंपणाच्या कडेकडेने चालतो आणि बादलीत पडतो. पहाटे माणसं येतात, मोजतात, पलीकडे नेऊन सोडतात. भोकं पाणी निघून जायला. नाहीतर बेडूकही बुडतात.

रात्रभर मातीत उभं राहून मी ऐकायची. दुरून सुकी पानं सरकत यायची, थांबायची, पुन्हा सरकायची. मग माझ्या काठावर दोन सोनेरी डोळे. क्षणभर आम्ही एकमेकांकडे बघायचो. मग धप्प.

पलीकडच्या तळ्याचं नाव श्वार्त्सलाख. काळं डबकं. ऱ्हाइन नदीने जुना रस्ता सोडला तेव्हा मागे राहिलेलं पाणी. हौदासारखं लहान, पण तळ कुणी पाहिला नव्हता.

पहाटे जयंतरावांबरोबर उर्जा यायची. त्यांची मुलगी, आठ वर्षांची, दप्तर पाठीला लावूनच.

"आधी हात ओले कर. कोरड्या हाताने त्यांची कातडी भाजते."

"वाइस इश, बाबा." माहितीये. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. कुंदाताई चिडायच्या, जयंतराव हसायचे.

ती हात दवात बुडवायची आणि मोजायची. आइन्स, त्स्वाय, द्राय. एकदा तिने विचारलं, यांना इकडेच दुसरं तळं खणून का देत नाही? जयंतराव म्हणाले, "दिलं तरी थांबत नाहीत. जन्माचं पाणी विसरत नाहीत. आम्ही विसरतो, हे नाही विसरत."

त्या मुलीच्या हातांना मी ओळखायची. लहान, थंड, ओले. पुढे जे झालं त्यामुळे ते हात मी विसरले असं समजू नका.

उर्जा मोठी झाली आणि पर्यावरणवाल्या हिरव्या पक्षात गेली. गावच्या परिषदेत रस्ता रुंदीकरणावर चर्चा होती, तेव्हा ती मला काखेत घेऊन उभी राहिली आणि तिने मला टेबलावर आपटलं. "ही बादली दरवर्षी साडेचारशे जीव वाचवते. तुमच्यापैकी कोण एवढे वाचवतं?" रुंदीकरण बारगळलं. वर्तमानपत्रात आमचा फोटो आला.

मग युरोपच्या संसदेची निवडणूक. गावातल्या प्रत्येक दिव्याच्या खांबावर आम्ही दोघी. खाली लिहिलं होतं, "एकही मागे राहणार नाही." ती निवडून आली. कार्ल्सरूहेतल्या तिच्या कार्यालयात मला खिडकीशी ठेवलं. घासून, पुसून. माझ्यात रानफुलांच्या बियांची पाकिटं भरली, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायला. माणसं ज्या वस्तूचा फोटो काढतात तिला पुन्हा कामाला लावत नाहीत, हे मला तिथे कळलं.

तरी ती खोटारडी नव्हती, हे मी सांगायलाच हवं. सोमवारी गाडी पकडून स्ट्रासबुर्गच्या संसदेत जायची, गुरुवारी सुजलेले डोळे घेऊन परत यायची. दोनशे पानांचे मसुदे शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचायची. म्हणून तर राग येतो. काय करतोय हे तिला नीट कळत होतं.

एका शुक्रवारी तिचा सहायक योनास तिच्यासमोर बसला होता.

"संसदेतला मोठा गट तयार आहे," तो म्हणाला. "हवेच्या कायद्याचा मसुदा तुझ्याकडे देतील. अख्ख्या खंडाचा. त्यांना फक्त ते एक कलम हवंय."

"अर्ध्या हेक्टरपेक्षा लहान तळ्यांचं संरक्षण काढायचं."

"गेनाऊ, अगदी तेच. तसंही ते तीस मतांनी पास होणार. तुझ्या एका मताने काय होतंय?"

"माझे लोक मला फाडून खातील."

"आल्झो, हे बघ, त्यालाही सोय आहे. बाजूने बटण दाब. बाहेर आल्यावर दुरुस्ती नोंदव, चुकून दाबलं, मला विरोधात द्यायचं होतं. त्यांना मत मिळालं, आपल्याला दुरुस्ती."

दुरुस्ती! ही काय चीज आहे ते सांगते. त्या संसदेत बटण दाबून मत देतात. बोट चुकलं तर नंतर तशी नोंद करता येते. कागदावर तुमचं मत बदलतं. निकाल बदलत नाही. म्हणजे विहिरीत ढकलल्यावर तोल गेला होता म्हणून लिहून द्यायचं, आणि विहिरीतल्याने ते लिहिलेलं मानायचं.

उर्जाने माझ्याकडे पाहिलं. मग उठली आणि तिने माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. बादलीला तोंड वरच असतं, हे ती विसरली. तिने फिरवला तो फक्त सातचा आकडा.

कलम पास झालं. बाजूने तीनशे दोन, विरोधात तीनशे. तिने दुसरं बटण दाबलं असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत कलम पडतं.

शनिवारी जयंतराव कार्यालयात आले. एव्हाना ते निवृत्त झाले होते. हातात वर्तमानपत्र, दुरुस्तीच्या ओळीखाली पेनने रेघ ओढलेली.

"बटण चुकलं?"

उर्जा टेबलावरचे कागद सरळ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हो बाबा. गडबडीत माझ्याकडून बटण चुकलं."

जयंतरावांचा चेहरा मला दिसत होता. तीस वर्षांत ती त्यांच्याशी एवढं लांब वाक्य मराठीत पहिल्यांदाच बोलली होती. स्वच्छ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाठ केल्यासारखं.

"बरं," ते म्हणाले. आणि गेले.

संरक्षण उठलं, आणि पुढच्या दोन हिवाळ्यांत श्वार्त्सलाख मातीने बुजवलं. वीजगाड्यांच्या बॅटऱ्यांचं गोदाम होणार होतं. धूर कमी व्हावा म्हणून, म्हणजे चांगल्या कामासाठीच. तळं गेल्यावर रस्त्याकडेचं कुंपणही काढलं.

गोदाम बांधून झालं त्या वर्षी हवा दमट झाली, त्या संध्याकाळपासून मला आवाज यायला लागले. मी दुसऱ्या मजल्यावर, कोरडी, बियांच्या पाकिटांनी भरलेली. तरी आतून नखं खरवडल्यासारखं व्हायचं. साफसफाईला येणाऱ्या बाईने मला दोनदा उपडी करून पाहिलं. काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाकिटं ओली निघाली. चौथ्या दिवशी बियांना कोंब आले होते. तिने मला दाराबाहेर ठेवलं आणि पुन्हा हात लावला नाही. तिथून जयंतरावांनी मला उचललं.

पहाटे ते मला गोदामाकडे घेऊन गेले. दार उघडंच होतं. आत नवी फरशी घातलेली होती, आणि तिच्यावर बेडूक बसले होते. तीस-पस्तीस तरी. उड्या नाहीत, आवाज नाही. वाकड्या गोलात, तळ्याचा काठ जिथे होता नेमके तिथे, सगळे आत तोंड करून. गोलाच्या आत एकही नाही. रखवालदार झोपेतून उठल्यासारखा उभा होता. "चार दिवस असेच आहेत," तो म्हणाला. "झाडूने लोटतो. परत येतात. त्याच जागेवर."

जयंतरावांनी बाटलीतल्या पाण्याने हात ओले केले आणि त्यांना माझ्यात भरायला लागले. भरून झाल्यावर मला उचलून उभे राहिले. उभेच राहिले. कुठे नेऊन ओतायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याच सकाळी उद्घाटन होतं. दहा वाजता गाड्या आल्या, फीत आली, उर्जा आली. गर्दीत जयंतराव मला घेऊन उभे. एका फोटोग्राफरने सातचा आकडा ओळखला. "अरे, ती बादली! एक फोटो होऊन जाऊ दे, पोस्टरसारखा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उर्जा हसत पुढे आली आणि तिने हात पसरले. सुगंधी मलम लावलेले, कोरडे हात.

"आधी हात ओले कर," जयंतराव म्हणाले.

तिने आत पाहिलं. माझ्यातून साठ-सत्तर सोनेरी डोळे वर बघत होते, एकही पापणी न हलवता. तिचं हसू जागीच राहिलं, बाकीचा चेहरा निघून गेला. तिचे ओठ हलत होते. मी जवळ होते म्हणून मला कळलं. ती मोजत होती.

"यांना कुठे सोडू, तेवढं सांग," जयंतराव हळू आवाजात म्हणाले. "आणि एकदाच विचारतो. बटण चुकलं होतं?"

कॅमेरे चालू होते. ती फार हळू म्हणाली, "नाइन, बाबा."

म्हणजे नाही. तिच्या रोजच्या भाषेत. जयंतरावांनी मान हलवली. ते रागावले नाहीत. मला वाटतं, वर्तमानपत्र घेऊन आले त्या दिवसापासून ते या उत्तराची वाट बघत होते.

उर्जा अजून संसदेत आहे. हवेचा कायदा झाला, चांगला झाला म्हणतात. त्या दिवशी कॅमेऱ्यांना ऐकू गेलं नाही, आणि तिने कुणाला पुन्हा सांगितलं नाही. जयंतरावांनी बागेत तळं खणलं, बेडूक तिथे सोडले. तिसऱ्या रात्री ते सगळे उठून इकडे परत आले. मग जयंतरावांनी मला गोदामाच्या कुंपणाशी पुरलं. गुडघे दुखतात, तरी रोज पहाटे येतात. मोजतात.

गोदामात म्हणे फरशीवर ओल धरलीय. पुसली की वाळते, वाळली की पुन्हा येते. काळी, आणि वाकड्या गोलाची. तज्ज्ञ येऊन गेले.

माझं मागणं एवढंच आहे. मला उचलायला याल तर आधी हात ओले करा, आणि कुठे नेणार ते ठरवून या. चुकून आलो, नंतर दुरुस्त करू, असं मला सांगू नका.

आणि लवकर या. माझ्या तळाला चार भोकं आहेत, पाणी खाली जावं म्हणून पाडलेली. आज पहाटेपासून त्यांतून पाणी वर येतंय. काळं आहे. बेडूक गप्प बसलेत, आणि पहिल्यांदाच त्यांना बाहेर पडायची घाई दिसत नाही.