फुटबॉलचा जोडधंदा

धम्मरत्नला लहानपणापासून एकच हौस होती, राजूरचं नाव परदेशात काढायचं. राजूरचं नाही जमलं तर निदान यवतमाळ जिल्ह्याचं. दोन हजार पाच साली मालदीवमधल्या एका क्लबाने त्याला खेळायला बोलावलं. माले शहरात उतरला, तेव्हा घ्यायला आलेल्या मॅनेजरने विचारलं, "कहाँ के हो?" धम्मरत्नने छाती पुढे काढून जिल्ह्याचं नाव सांगितलं. मॅनेजरचा चेहरा उतरला. सिनेमे पाहून शिकलेल्या हिंदीत तो हळूच म्हणाला, "टीव्ही पर देखा. कपास... बहुत बुरा हुआ."

धम्मरत्न पोचायच्या आधीच जिल्ह्याचं नाव निघालेलं होतं.

खरं म्हणजे कापसाशी त्याच्या घराचा संबंध गादी-उशीपुरताच. बाप धर्मपाल कोळशाच्या खाणीत कामाला. खाणीवर बंगालकडचे कामगार आले, त्यांनी येताना फुटबॉल आणला. श्रावणकाका हा धर्मपालच्याच पाळीतला गडी त्यांच्याबरोबर खेळून शिकला आणि मग वसाहतीतल्या पोरांना शिकवू लागला. शेजारची अख्खी वणी क्रिकेट खेळत होती तेव्हा राजूरच्या काळ्या मैदानावर ही मंडळी फुटबॉल खेळत. श्रावणकाकाने धम्मरत्नला मधल्या फळीत उभं केलं. "मारणारे लय हायेत," तो म्हणाला. "तुले कोन कुठं उभा हाये ते दिसते. चेंडू काढाचा आन् मोकळ्या गड्याले द्याचा, बस."

एवढ्या भांडवलावर धम्मरत्न आधी कोलकात्याला गेला आणि तिथून मालेला.

मालेतल्या प्रेक्षकांचा समज असा, की परदेशी खेळाडू आणायचा तो गोल मारायला. धम्मरत्न सामनाभर पळे, समोरच्याच्या पायातून चेंडू काढे, मोकळ्या गड्याला देई. टाळ्या त्या गड्याला मिळत. पहिल्या हंगामात क्लब दुसरा आला. धम्मरत्नच्या नावावर एकही गोल नव्हता. मॅनेजरला खेळ कळत होता म्हणून तो टिकला.

सुट्टीत घरी आला तेव्हा श्रावणकाकाने मॅच ठरवली. वसाहत विरुद्ध वणी. "लोकायले पाहू दे ना, आपला पोरगा काय खेळते ते." चुन्याने रेषा आखल्या, गोलचे बांबू रोवले. आदल्या दिवशी सकाळी मैदानात एक जीप येऊन थांबली. कापसाच्या परिस्थितीची पाहणी करायला मंत्री हेलिकॉप्टरने येणार होते आणि आसपास एवढी सपाट जागा दुसरी नव्हती.

"साहेब, उद्या म्याच हाये आमची," श्रावणकाका म्हणाला.

"मंत्रीसाहेब अर्ध्या तासात जातील. मग खेळा दिवसभर," जीपमधले साहेब म्हणाले.

गोलचे बांबू उपटले गेले. मैदानाच्या मधोमध, जिथे धम्मरत्न उभा राहायचा, तिथे चुन्याचं मोठं वर्तुळ आणि त्यात इंग्रजी एच काढला गेला.

दुसऱ्या दिवशी मांडव उभा राहिला, खुर्च्या लागल्या, पण शेतकरीच आले नाहीत. वेचणीचे दिवस होते, सगळे वावरात. साहेबांना घाम फुटला. मॅच पाहायला आलेल्या खाणकामगारांना त्यांनी धरून धरून खुर्च्यांवर बसवलं. बेटावरच्या उन्हाने रापलेला, सडपातळ धम्मरत्न त्यांना पहिल्या रांगेसाठी अगदी योग्य वाटला.

मंत्री आले ते थेट त्याच्याकडे. खांद्यावर हात ठेवला. कॅमेरे पुढे सरकले.

"किती एकर?"

"शेती नाही साहेब. मी फुटबॉल खेळतो. मालदीवला."

मंत्र्यांचा चेहरा उजळला. ते मांडवाकडे वळले. "पाहा! नुसत्या कापसावर विसंबून चालणार नाही. शेतीला जोडधंदा हवाच. कोणी शेळ्या पाळा, कोणी कोंबड्या पाळा. हा तरुण बघा, याने फुटबॉल धरला!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून धर्मपाल उठला. "साहेब, आमच्याकडं वावरच नाई..."

"बसा काका," जीपवाल्या साहेबांनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं. "भूमिहीनांचा विषय पुढच्या दौऱ्यात आहे."

हेलिकॉप्टर कोळशाची धूळ उडवत गेलं. मॅच झालीच नाही, कारण मांडवाच्या सामानाबरोबर गोलचे बांबूही ट्रकमध्ये निघून गेले होते.

पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, 'संकटग्रस्त शेतकऱ्याला दिलासा'. धम्मरत्नची आई कौसल्या फोटो बराच वेळ निरखत राहिली. "साजरा आला रे. पन तू रडून काहून राह्यला?"

"माय, धूळ गेलती डोळ्यात."

फोटो त्याच्या आधी मालेला पोचला. क्लबाने त्याच्या घरच्यांसाठी मदतीचा सामना ठेवला होता. मॅनेजरने त्याला मिठीच मारली. "बताया क्यों नहीं?"

धम्मरत्नने परोपरीने सांगितलं, की आमचं शेत नाही, बापाला पक्की नोकरी आहे, घरी सगळं ठीक आहे. मॅनेजरचे डोळे आणखीच भरून आले. "इज्जतदार लोग हो. समझता हूँ."

सामन्याच्या दिवशी धम्मरत्नला हार घालून खुर्चीवर बसवलं. त्याच्याशिवाय मधली फळी उघडी पडली आणि अर्ध्या वेळेपर्यंत क्लबावर दोन गोल चढले. मॅनेजरने शेवटी हार काढून घेतला आणि त्याला आत पाठवलं. धम्मरत्न इरेला पेटून खेळला. त्याने काढून दिलेल्या चेंडूंवर दोन्ही गोल फिटले.

शेवटी शेवटी चेंडू त्याच्याच पायाशी आला, गोलच्या तोंडाशी. अडवायला आलेले दोघे एकाएकी थांबले. गोलकीपर एका बाजूला गुडघ्यावर बसला. सगळं मैदान उभं राहिलं. त्यांना या बिचाऱ्याला एक गोल द्यायचा होता.

धम्मरत्नचे कान तापले. हावही सुटली, नाही असं नाही. समोर एवढी रिकामी जाळी त्याने जन्मात पाहिली नव्हती. पाय उचलला, थांबला, आणि चेंडू हलकेच गोलकीपरच्या हातात ढकलून दिला.

"उठ," तो म्हणाला. "ठीक से खेल."

गोलकीपर चपापला, उठला आणि त्याने चेंडू लांब मारला. क्लबाचे सगळे गडी अजून डोळे पुसत उभे होते. समोरच्यांनी तिसरा गोल केला आणि सामना संपला.

मॅनेजर लाल होऊन धावत आला. "पागल है क्या? बॉल उनको दे दिया? किसने सिखाया तेरे को फुटबॉल?" आणखीही पुष्कळ बोलला, त्यातलं निम्मं त्याच्या भाषेत.

सुट्टीवरून आल्यापासून त्याच्याशी सगळे जपून, हळू आवाजात बोलत होते. खेळाडूला बोलावं तसं पहिल्यांदाच कोणीतरी बोलत होतं. धम्मरत्नने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग बुटांच्या नाड्या सोडत त्याने विचारलं, "कल प्रॅक्टिस कितने बजे?"